तापाचे दप्तर

पुण्यात कौन्सिल हॉलच्या परिसरात जी जुनी दगडी इमारत 'पेशवे दप्तर' या नावाने ओळखली जाते, तिच्या फडताळांत मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. परंतु तेथून फारशा दूर नसलेल्या आंबेडकर रस्त्यावर, राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या आवारात, दुसरेही एक दप्तर आहे, ज्याचे रुमाल म्हणजे बोटाएवढ्या कुप्या, ज्याची फडताळे म्हणजे शून्याखाली सत्तर अंशांवर राखलेली शीतकपाटे आणि ज्यातील मजकूर म्हणजे कोणे एके काळी तापाने फणफणलेल्या माणसाचे रक्तजल किंवा त्याच्या घरातील माठावरून धरून आणलेले डास होत, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा करण्यास आरंभ केला, तेव्हा मराठ्यांचा इतिहास बखरींच्या हाती होता. बखर वाचावयास गोड, पण तिच्यातील सन, स्थळ आणि माणसे यांचा भरवसा नाही, म्हणून अस्सल कागद सापडल्यावाचून इतिहास नाही, हा त्यांचा आग्रह होता. आपल्या देशातील डेंग्यूच्या तापाचा इतिहासही पावणेदोनशे वर्षे असाच बखरींवर चालला होता. त्याला अस्सल कागद मिळाले ते या दुसऱ्या दप्तरामुळे. ते कसे मिळाले, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

या बखरींचा आरंभ बहुधा १७७९ साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डेव्हिड बायलन या डच वैद्याने वर्णिलेल्या सांधेदुखीच्या तापापासून आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात बेंजामिन रश याने पाहिलेल्या, हाडे मोडून यावीत अशा वेदना देणाऱ्या तापापासून करतात. १८२४ साली रंगून आणि कलकत्ता येथे असाच एक ताप घरोघर शिरला. पुढे १८७० मध्ये झांझिबार बेटावर मोठी साथ उठली, तिला तेथील स्वाहिली बोलणारे लोक 'कि-डिंगा पेपो' म्हणत, आणि ती एडनमार्गे १८७१ साली हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरून पुढच्या वर्षापर्यंत कलकत्त्यापलीकडे गेली. झांझिबारच्या सुलतानाच्या पदरी असलेला जेम्स ख्रिस्टी हा डॉक्टर या साथीचा मोठा साक्षेपी बखरकार. त्याने तेथील वृद्धांकडून असे काढून घेतले की, सुमारे पन्नास वर्षांपूर्वीही याच नावाचा ताप त्या किनाऱ्यावर येऊन गेला होता. आणि याच आफ्रिकी शब्दाने गुलामांच्या जहाजांबरोबर वेस्ट इंडीज बेटे गाठली, तेथे स्पॅनिश जिभेवर तो 'डेंगे' झाला, असे त्याने मांडले. आमच्याकडील अलीकडच्या वैद्यांनी त्या तापाला 'दंडक ज्वर' असे संस्कृत नाव दिले, ते लोकांच्या तोंडी मात्र बसले नाही.

आता या सगळ्या वर्णनांत एक गोष्ट राहून राहून येते, ती म्हणजे सांधे. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, पण गुडघे, घोटे आणि बोटांची पेरे महिनोन् महिने धरून राहतात, धडधाकट माणूस वाकून चालू लागतो, मृत्यू मात्र क्वचित. आजचा कोणताही खेड्यातील डॉक्टर हे वर्णन ऐकून डेंग्यूचे नाव घेणार नाही. तो चिकुनगुन्या म्हणेल. परंतु चिकुनगुन्या हा स्वतंत्र रोग आहे हे मुळी कळले ते १९५२-५३ साली, टांगानिकाच्या दक्षिणेस नेवाला येथील साथीत. 'जो वाकवतो' अशा अर्थाचा तो माकोंडे भाषेतील शब्द. तत्पूर्वीच्या दीडशे वर्षांत दोन भिन्न विषाणूंनी, एकाच डासाच्या पाठीवर बसून, एकाच नावाखाली प्रवास केला होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात विषाणूंवर काम केलेल्या डोनाल्ड केरी या अमेरिकी संशोधकाने १९७१ साली जुनी वर्णने समोर मांडून असा निवाडा दिला की, १७७९ ची बटाव्हियातील, १८२४ ची आणि १८७१ ची साथ या बहुतांशी चिकुनगुन्याच्या असाव्यात आणि 'डेंग्यू' हे नाव मूळचे ज्या रोगाचे, तो आज ते नाव धारण करीत नाही. हा निवाडा मला फार मोलाचा वाटतो. परंतु केरीजवळ १८७१ सालच्या एकाही रोग्याच्या रक्ताचा थेंब नव्हता, आणि म्हणून तो निवाडा कितीही सयुक्तिक असला, तरी बखरीवरून बखर ताडून काढलेलाच राहिला.

डासाचा माग त्या मानाने लवकर लागला. १९०६ साली क्वीन्सलँडमध्ये थॉमस बँक्रॉफ्ट याने दिवसा चावणाऱ्या, पायांवर पांढरे पट्टे असलेल्या एडिस इजिप्ती या डासावर बोट ठेवले, आणि पुढच्या वर्षी मनिला येथे अॅशबर्न व क्रेग यांनी दाखवून दिले की, रोग्याच्या रक्तातील हे विष जंतू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होते. हा डास माणसाच्या वस्तीचा. नदीनाल्याचे पाणी त्याला नको. रांजण, डेरा, हौद, पिंप यांतील स्वच्छ साठवणीचे पाणी हवे, आणि त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहूनही पुन्हा पाणी लागताच जिवंत होतात. म्हणून तो आपल्याकडे प्रथम बंदरांत रुजला आणि तेथून देशात आत सरकला. मुंबई इलाख्यातील हिवतापनिवारणाच्या कामात उमर घालवून पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झालेले टी. रामचंद्र राव यांनी १९६७ साली या डासाचे हिंदी उपखंडातील वास्तव्य, घनता आणि हंगाम यांचा तपशील लिहून काढला. तो वाचताना असे वाटते की, डेंग्यूचा नकाशा काढावयाचा तर आधी पाणी साठवण्याच्या भांड्यांचा नकाशा काढावा लागतो.

पहिला अस्सल कागद युद्धाने हाती दिला. १९४३ मध्ये नागासाकी येथील साथीत होत्ता आणि किमुरा या जपानी वैद्यांनी उंदरांच्या पिलांत हा विषाणू वाढवला. जवळपास त्याच सुमारास कलकत्त्यात तळ ठोकून असलेल्या अमेरिकी शिपायांच्या तापाने सैन्याचे खाते चिंतेत पडले, आणि अल्बर्ट सेबिन याने, म्हणजे पुढे पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लसीमुळे ज्याचे नाव घराघरात गेले त्या सेबिनने, हवाई, न्यू गिनी आणि हिंदुस्थान येथून आलेले नमुने परस्परांशी ताडून असे सिद्ध केले की डेंग्यूचा विषाणू एक नाही. एकाविरुद्ध शरीरात निर्माण झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याला पुरी अडवीत नाहीत. १९५६ च्या मनिला साथीतून विल्यम हॅमन यांनी आणखी दोन प्रकार वेगळे केले, आणि चारांची ही मोजणी पूर्ण झाली. मोजणी वाटते तेवढी कोरडी नाही. एका प्रकाराचा डेंग्यू झालेला माणूस त्या प्रकारापासून आयुष्यभर सुरक्षित राहतो, पण पुढे दुसरा प्रकार अंगात शिरला, तर आधीच्याच प्रतिपिंडांच्या आधाराने तो अधिक उग्र होऊ शकतो, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि हिंडतेफिरते मूल दोन दिवसांत हाताबाहेर जाते. स्कॉट हॉलस्टेड यांनी बँकॉकच्या इस्पितळांत हे जे पाहिले, त्यावरून गावात ताप आहे एवढे कळून भागत नाही. चारांपैकी कोणता, आणि पूर्वी कोणता येऊन गेला, हे कळावे लागते.

ते कळण्याची सोय आपल्या देशात १९५२ च्या फेब्रुवारीत झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या संयुक्त विद्यमाने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा याच केंद्राने तो नवा रोग हुडकून काढला, हे त्याचे पहिले मोठे यश म्हणून सांगतात. परंतु डेंग्यूच्या बाबतीत त्याची थोरवी दुसऱ्या, कमी दिसणाऱ्या कामात आहे. त्या काळी विषाणू धरावयाचा म्हणजे तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रोग्याचे रक्त काढावयाचे, ते बर्फात घालून आगगाडीने पुण्यास आणावयाचे, त्यातील रक्तजल एक-दोन दिवसांच्या उंदराच्या पिलांच्या मेंदूत टोचावयाचे आणि मग रोज सकाळी त्या पिलांकडे पाहत राहावयाचे. पिलू लुळे पडले तर त्याचा मेंदू वाटून पुढच्या पिलात, तेथून पुढच्यात. डेंग्यूचा विषाणू तर असा की, पहिल्या फेरीत पिलांना बहुधा काहीच होत नसे; सहा-सहा फेऱ्या करूनही हाती काही लागले नाही, असे वारंवार घडे. ज्या माणसांनी वर्षानुवर्षे हे केले, त्यांच्या नावाने इमारती नाहीत. परंतु १९५६ पासून वेल्लोरचे आणि मग देशभरचे नमुने पुण्याच्या शीतकपाटात तारीख, गाव आणि रोग्याचे वय यांच्या चिठ्ठीसह जमा होत गेले, ते त्यांच्या हातून.

या केंद्रातील एका कामगिरीचा उल्लेख मला अधिक विस्ताराने करावासा वाटतो, कारण जगाने तिचा लाभ घेतला आणि आपल्याला तिचा विसर पडला. १९६७ साली बंगलोरच्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात के. आर. पी. सिंग या संशोधकाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या बारीक करून, त्यांच्या पेशी काचेच्या बाटलीत, योग्य द्रवात, पिढ्यान् पिढ्या वाढत्या ठेवता येतात, असे त्यांनी पुण्याच्या प्रयोगशाळेत करून दाखवले होते. ज्या विषाणूला उंदराच्या मेंदूत रुजण्यास इतके कष्ट पडत, तो डासाच्या या पेशींत आपल्या घरी आल्यासारखा वाढू लागला. पुढे १९७८ साली अकिरा इगाराशी यांनी सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींतून एक विशेष संवेदनशील शाखा निवडून काढली, ती 'सी ६/३६' या नावाने प्रसिद्ध आहे, आणि गेली चार दशके पोर्टो रिकोपासून बँकॉकपर्यंत, हवानापासून सिंगापूरपर्यंत जेथे जेथे डेंग्यूचा विषाणू रक्तातून काढून वाढवतात, तेथे तेथे बहुधा याच पेशी वापरतात. जगभरच्या डेंग्यूचा माग पुण्यात फुटलेल्या अंड्यांच्या वंशजांकरवी लावला जातो, ही गोष्ट पुण्यातील शाळेच्या पाठ्यपुस्तकात असावयास हरकत नव्हती.

दरम्यान साथी येत होत्या. १९६३ च्या पावसाळ्यात कलकत्त्यात तापाचा कहर झाला, रक्तस्रावाने माणसे दगावली, आणि तपासात डेंग्यू व चिकुनगुन्या हे दोन्ही विषाणू एकाच शहरात, एकाच हंगामात आढळले. केरीने जुन्या ग्रंथांत ज्या गोंधळाचा पुढे शोध घेतला, तो येथे जिवंत उभा होता, परंतु आता रक्त बाटलीत होते. १९६५ साली नागपूरला मोठी साथ आली, ती चिकुनगुन्याची निघाली. १९६८ मध्ये वेल्लोर येथे एकाच साथीत डेंग्यूचे चारही प्रकार, माणसांतूनही आणि डासांतूनही, वेगळे काढता आले. त्याच वर्षी कानपुरातील रक्तस्रावी तापाचा तपास लखनौच्या चतुर्वेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीस चिकुनगुन्या येऊन गेला, आणि त्यानंतर तो या देशातून जणू नाहीसाच झाला. डेंग्यू मात्र मुक्कामास राहिला. आणि तो केवळ शहरांचा रोग आहे ही समजूत परभणी जिल्ह्यातील खेड्यांच्या तपासाने मोडली. त्याचा वृत्तांत १९९१ साली पुण्याच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. ज्या मुलखात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तेथे प्रत्येक घर पाणी साठवते, आणि साठवणीचे पाणी म्हणजे या डासाचे इनाम. त्यासाठी कोरडा दिवस पाळा, हौद घासा, असे बजावणाऱ्यांनी तेथील बाईच्या डोक्यावरचा हंडाही पाहिला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

१९९६ च्या शरदात दिल्लीत जे झाले, त्याने सरकारदरबारी खडबडून जाग आली. एका हंगामात दिल्लीच्या इस्पितळांत १०,२५२ रोगी आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले. रोगी होते बहुतांशी दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूचे. पण दुसरा प्रकार तर या देशात १९५६ पासून वावरत होता. मग हा उग्रपणा कोठून आला? या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रकाराच्या क्रमांकात नव्हते. ते क्रमांकाच्या आत, विषाणूच्या अक्षरांत होते.

डेंग्यूच्या विषाणूची सारी कुळकथा सुमारे १०,७०० अक्षरांच्या एका धाग्यात लिहिलेली असते. तो विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो, जशा हस्तलिखिताच्या प्रती करताना लेखकाच्या हातून होतात, आणि जी चूक पुढच्या प्रतींत उतरते, तिच्यावरून कोणती प्रत कोणत्या मूळ प्रतीवरून निघाली हे सांगता येते; आपले पाठचिकित्सक महाभारताच्या पोथ्यांची वंशवेल याच रीतीने लावीत. १९९० साली रेबेका रिको-हेस यांनी विषाणूच्या धाग्यातील अवघ्या २४० अक्षरांचा तुकडा वाचून देशोदेशीच्या नमुन्यांची घराणी लावली, आणि तेव्हापासून डेंग्यूच्या प्रत्येक प्रकारात आणखी जनुकप्रकार मोजू लागले. दिल्लीतील १९९६ चे नमुने असे वाचले तेव्हा ते पूर्वीच्या भारतीय नमुन्यांहून वेगळ्या घराण्याचे निघाले. आणि मग पुण्याच्या दप्तराचे रुमाल सुटले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी १९५६ पासून २००५ पर्यंतच्या दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूंची अक्षरे लावून २०१० साली दाखवून दिले की, १९७१ पूर्वी या देशात ज्याचा अंमल होता तो 'अमेरिकी' म्हणून ओळखला जाणारा जनुकप्रकार, आणि त्यानंतर त्याची जागा 'विश्वव्यापी' जनुकप्रकाराने घेतली. पेरूमधील इकिटोस शहरात १९९५ साली, जेथील बहुतेकांना आधी पहिल्या प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला होता, हा अमेरिकी जनुकप्रकार शिरला, तरी तेथे रक्तस्रावी ताप उद्भवला नाही. म्हणून हे घराणे सौम्य असावे, असे अनेकांचे मत आहे. ते मान्य केले, तर एका घराण्याची राजवट जाऊन दुसऱ्याची आली, हे दिल्लीच्या अनर्थाचे एक कारण ठरते. मात्र एकमेव नव्हे, कारण शहर, पाणी आणि माणसांची दाटीही त्याच काळात बदलत होती. राजवटीच्या या बदलाची नोंद कोणत्याही इस्पितळाच्या वहीत नव्हती आणि कोणा डॉक्टरला ती रोग्याच्या नाडीवरून कळणे शक्य नव्हते. ज्यांनी १९५६ साली वेल्लोरहून आलेली कुपी जपून ठेवली, त्यांना आपण काय जपत आहोत याची कल्पना नव्हती, कारण ही अक्षरे वाचण्याची विद्याच तेव्हा जन्मली नव्हती.

तिसऱ्या प्रकाराची कथा याच्या उलट दिशेने जाते. १९८९ पासून श्रीलंकेत रक्तस्रावी डेंग्यू एकाएकी वाढला, आणि त्यामागे तिसऱ्या प्रकाराचे एक घराणे आढळले. ते आपल्या उपखंडातून पूर्व आफ्रिकेत आणि १९९४ मध्ये निकाराग्वा-पनामापर्यंत पोहोचले. २००३ मध्ये दिल्लीतील साथीत पुढे आले ते हेच. चौथा प्रकार पुण्याच्या परिसरात तीस वर्षे दिसला नव्हता, तो २००९-१० च्या सुमारास पुन्हा आढळला, आणि त्यातील दोन रोगी गंभीर होते. तीस वर्षे दिसला नाही, असे छातीठोकपणे म्हणता आले, याचे कारण तीस वर्षे कोणी ना कोणी पाहत होते.

हे पाहणे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ विस्तारले आहे. देशभरची ठरावीक इस्पितळे डेंग्यूच्या तपासासाठी नेमलेली आहेत, त्यांच्याकडे पुण्याहून प्रतिपिंडे ओळखण्याचे संच जातात, आणि निवडक नमुने प्रकार ठरवण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळांकडे येतात. २०१७ साली सरकारी नोंदीत १,८८,४०१ रोगी आले. पण नोंद म्हणजे सर्व रोगी नव्हेत. २०१७-१८ मध्ये पंधरा राज्यांतील सुमारे १२,३०० माणसांचे रक्त तपासून केलेल्या पाहणीत जवळजवळ निम्म्यांच्या, नेमके सांगावयाचे तर ४८.७ टक्क्यांच्या, रक्तात डेंग्यू होऊन गेल्याची खूण सापडली. आपल्या पश्चिम विभागात ती ६२.३ टक्के होती. यातील फार मोठ्या वर्गाला तो ताप डेंग्यूचा होता हे कधी कळलेच नाही. आणि या आकड्यांच्या मुळाशी जाल तर आरोग्य खात्याचा कीटक समाहारक भेटतो, जो विजेरी आणि तोंडाने ओढावयाची काचेची नळी घेऊन, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांत आणि माठामागे एकेक डास टिपतो, चिठ्ठीवर गाव व तारीख लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या वाडीस जातो.

अशाच एका डासाची गोष्ट सांगून थांबतो. २००० साली पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत गावात धरलेल्या एडिस इजिप्ती डासांतून चिकुनगुन्याचा विषाणू निघाला आणि दप्तरात ठेवला गेला. बार्शीनंतर ज्याचे नाव जवळजवळ विसरले होते, तो रोग २००५-०६ साली आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात लक्षावधी माणसांना वाकवून गेला. तेव्हा पुण्यात विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासूनचे जुने नमुने काढून अक्षरे जुळवली. कलकत्त्यापासून बार्शीपर्यंतचे सगळे नमुने आशियाई घराण्याचे निघाले, नव्या साथीचे आफ्रिकी घराण्याचे. आणि यवतच्या त्या कुपीतला, साथीच्या पाच वर्षे आधीचा, तोही आफ्रिकीच. ख्रिस्टीने १८७० साली ज्या किनाऱ्यावरून ताप निघताना पाहिला होता, त्या खंडातून आलेला पाहुणा यवतच्या एका घरात माठाजवळ बसलेला सापडला होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर गावाचे नाव व साल ठळक अक्षरांत होते.